पत्त्यांचा कॅट दुर्मिळ आहे की नुसता जुना, हे कसे तपासावे

पत्त्यांच्या एखाद्या कॅटची दुर्मिळता ठरवताना बहुतेक नवे संग्राहक तो किती छापला गेला हे आधी विचारतात. खरे तर आज चांगल्या स्थितीत किती कॅट शिल्लक आहेत आणि ते मिळवण्यासाठी किती जण धडपडत आहेत, हे पाहायला हवे. पत्ते खेळण्यासाठी छापलेले असतात आणि पिसून पिसून मळले की टाकून दिले जातात. त्यामुळे प्रचंड संख्येने छापलेला कॅटही काही पिढ्यांनी जवळपास नाहीसा होऊ शकतो. याउलट ‘मर्यादित आवृत्ती’ म्हणून क्रमांक घालून विकलेला नवा कॅट जवळजवळ प्रत्येक खरेदीदार न उघडताच जपून ठेवतो, आणि पुढे तो विकायला काढणारे घेणाऱ्यांपेक्षा जास्त निघतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 1983 साली 1,43,000 डॉलर मोजून घेतलेला पंधराव्या शतकातील हाताने रंगवलेला कॅट केवळ जुना म्हणून महत्त्वाचा नाही. त्या काळातील असे सुटे पत्ते इतरत्रही आढळतात, पण येथे 52 च्या 52 पत्ते एकत्र टिकले आहेत.

म्हणून हाती आलेला कॅट सर्वप्रथम मोजावा. एक दुर्री हरवली असली तरी किंमत कोसळते. जोकर नाही म्हणून मात्र लगेच कॅट अपुरा ठरवू नये, कारण जोकर हा पत्ता अमेरिकेत 1860 च्या दशकात रूढ झाला आणि त्याआधीच्या कॅटमध्ये तो असण्याचा प्रश्नच नव्हता. चौकोनी कोपरे, कोरी पाठ, कोपऱ्यात आकडे नसणे आणि राजा-राणी-गुलाम डोक्यापासून पायापर्यंत उभे काढलेले असणे ही जुन्या छपाईची लक्षणे आहेत. परंतु ती सर्व लक्षणे असलेल्या नव्या नकलाही बाजारात आहेत, तेव्हा केवळ त्यांवर विसंबून चालणार नाही.

यानंतर इस्पिकचा एक्का निरखून पाहावा, कारण कॅटची बरीचशी जन्मकुंडली त्याच पत्त्यावर असते. इंग्लंडमध्ये पत्त्यांवरील कराची खूण या एक्क्यावर छापली जात असे आणि त्याची बनावट करणे हा देहदंडाचा गुन्हा होता. रिचर्ड हार्डिंग याला त्यासाठी 1805 मध्ये फाशी देण्यात आली. ‘युनायटेड स्टेट्स प्लेइंग कार्ड’ कंपनीच्या विसाव्या शतकातील कित्येक एक्क्यांवर एक अक्षर आणि काही आकडे बारीक छापलेले दिसतात. त्यातील अक्षर छपाईचे वर्ष सुचवते, मात्र तीच अक्षरे काही वर्षांनी पुन्हा वापरली गेल्यामुळे एकाच अक्षराचे दोन-तीन अर्थ निघतात. तिढा सोडवण्यासाठी डबीकडे वळावे. अमेरिकेत 1894 पासून 1965 पर्यंत पत्त्यांच्या डबीवर कराचे तिकीट चिकटवले जाई, आणि डबी उघडताना ते सहसा फाटे. अखंड तिकीट असलेली डबी म्हणूनच अधिक मोलाची मानली जाते. डबीवर अरलँगर, केंटकी हा पत्ता असेल, तर ती 2009 च्या आधीची असू शकत नाही, कारण कंपनी सिनसिनाटीचा परिसर सोडून तेथे गेली ती त्या वर्षी.

मागणी कशी निर्माण होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ‘जेरीज नगेट’. लास वेगास भागातील त्या नावाच्या कॅसिनोसाठी 1970 मध्ये छापलेले हे पत्ते पुढे तेथील भेटवस्तूंच्या दुकानात किरकोळ किमतीला विकले गेले. जादूगारांना त्यांची हाताळणी आवडली, साठा संपला आणि तेच कॅट शेकडो डॉलरना जाऊ लागले. 2019 मध्ये याच नक्षीची नवी आवृत्ती निघाली, त्यामुळे नुसत्या पाठीच्या नक्षीवरून ‘मूळ’ असे म्हणणाऱ्या विक्रेत्यावर आता विश्वास ठेवू नये.

मूळ आणि नक्कल यांतला फरक पुष्कळदा भिंगाखाली उघड होतो. जुन्या छपाईत लाल किंवा काळा रंग सलग भरलेला असतो, तर मूळ पत्ते स्कॅन करून छापलेल्या नकलेत तोच रंग अनेक बारीक, वेगवेगळ्या रंगांच्या ठिपक्यांनी बनलेला दिसतो. बंद कॅट घेताना सेलोफेनही पाहावे: ते डबीला घट्ट बसलेले असावे, टोकांच्या घड्या सारख्या असाव्यात आणि कडेला डिंकाचे डाग नसावेत, कारण उघडलेली डबी पुन्हा गुंडाळून ‘न उघडलेली’ म्हणून विकणारे महाभाग आहेत.

छपाईतील चुकांना फार भाव देऊ नये, असे माझे मत आहे. किंचित तिरपे कापलेले पत्ते सर्रास आढळतात, आणि चूक खरोखर कारखान्यातच झाली हे सिद्ध करणे अवघड असते. त्याऐवजी तोच पैसा पूर्ण पत्ते, मूळ डबी आणि आधीच्या मालकाची पावती असलेल्या साध्या कॅटवर खर्च करावा, आणि किंमत ठरवताना विक्रेत्याने सांगितलेले आकडे न पाहता तसेच कॅट लिलावात प्रत्यक्ष कितीला विकले गेले ते तपासावे.