वावरात शिकाऊ विमान पडलं तर

गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरून शिकाऊ विमानं धानाच्या बांध्यांवरून घिरट्या घालतात. १८ मार्च २०२३ रोजी तिथून उडालेलं असंच एक विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातल्या डोंगरात कोसळलं आणि आतले दोघंही गेले. अशा जागी सगळ्यांत आधी पोचतो तो जवळपासचा गावकरी, म्हणून हे त्याला माहीत हवं.

आधी ११२ लावा. नुसतं गावाचं नाव सांगून भागत नाही. फोनच्या नकाशावर त्या जागी बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांश दिसतात, ते वाचून दाखवा. एकाला दुचाकीने डांबरी रस्त्यावर उभं करा. ॲम्ब्युलन्स वाट न कळल्यानेच जास्त अडते.

विमानाकडे वारा पाठीवर घेऊन जा, विडी विझवून. ट्रॅक्टर लांबच ठेवा, सायलेन्सरची ठिणगीही पुरते. दोन पंखांत मिळून दीड-दोनशे लिटर इंधन असू शकतं. बांधीत पाणी असलं तर ते पाण्यावर तरंगत पसरतं, त्यामुळे कोरडा दिसणारा धुराही सुरक्षित समजू नका. पेटलेल्या इंधनावर बादलीने पाणी मारलं तर आग आणखी पसरते. लहान जाळावर माती टाका. पंखच पेटला असेल तर माणसं काढून मागे सरा.

पुढच्या पंख्यासमोर (प्रोपेलर) उभं राहू नका आणि थांबलेला पंखा हातानेही फिरवू नका. चावी चालू राहिली असेल तर तेवढ्या झटक्याने इंजिन उसळी घेऊ शकतं.

आग नसेल, इंधन गळत नसेल, तर जखमींना ओढून काढायची घाई करू नका. अशा आपटीत पाठीचा कणा मोडलेला असू शकतो. डोकं-मान हलणार नाही अशी धरून ठेवा, बोलत राहा, रक्त वाहत असेल तिथे कापड घट्ट दाबा. जाळ दिसला की मात्र विचार नको: पट्ट्याचं बक्कल उघडेना तर विळ्याने पट्टा कापा आणि काखेत हात घालून सरळ मागे ओढा. चावी किंवा लाल मुख्य बटण बंद केलं, तर आधी ते कसं होतं हे लक्षात ठेवून पोलिसांना सांगा.

माणसं बाहेर आली की मग कशालाच हात नको. एवढ्या छोट्या विमानात ब्लॅक बॉक्स बहुधा नसतो. म्हणून पंख्याची पाती कशी वाकली, चाकं मातीत पहिल्यांदा कुठे घासली, यावरून बराच तपास चालतो. पाती पुढे वळलेली किंवा पिळलेली असली तर इंजिन जोरात फिरत होतं, असा अंदाज बांधता येतो. शंभर माणसं तुडवून गेली की चिखलातल्या खुणा जातात. सगळ्यांत वाईट म्हणजे वैमानिकासमोरच्या पॅनेलमधलं छोटंसं मेमरी कार्ड कुणी आठवण म्हणून खिशात घालणं. कित्येकदा उड्डाणाची नोंद त्यातच असते. पोलीस पाटलाने दोरी बांधून गर्दी शंभर मीटरवर थांबवावी. जळालेल्या फायबरची धूळ फुप्फुसात जाते, तोंडाला ओला रुमाल बांधा.

पिकाचं नुकसान तलाठ्याकडून पंचनाम्यात लिहून घ्या. त्या बांधीत गुरं सोडू नका, तिथलं पाणीही पाजू नका. विमानाच्या निळसर पेट्रोलमध्ये शिसं असतं.