काल्पनिक सैन्याचा रणगाडा रचताना या चुका टाळा

नकाशा काढून झाला, झेंडा ठरला, शेजारचा शत्रूही ठरला, की काल्पनिक देश रचणाऱ्याचा हात हमखास रणगाड्याकडे वळतो. कादंबरीसाठी असो, युद्धखेळासाठी असो की निव्वळ हौस म्हणून, तक्ता साधारण एकाच साच्यातला निघतो: वजन ४५ टन, तोफ १४० मिमी, वेग ताशी ८० किमी, चिलखत अभेद्य, चालक दल तिघांचं, किंमत माफक. दर दहा वर्षांनी नवी आवृत्ती आणि प्रत्येक आवृत्ती आधीपेक्षा सगळ्याच बाबतींत सरस. जाणकार वाचक इथेच नाद सोडतो. खऱ्या रणगाड्यांच्या इतिहासात दर सुधारणेचं बिल कुणाच्या तरी नावावर फाटलेलं असतं: कधी वजनाच्या, कधी गोळ्यांच्या जागेच्या, कधी इंजिनाच्या. तुमच्या इतिहासात ते दिसत नसेल तर पुढच्या चुकांपैकी एखादी नक्की झालेली आहे.

आकडे आधी, देश नंतर

रणगाडा देशाच्या गरजेतून निघतो, याचा विसर पडला की पुढचं सगळंच तिरपागडं होतं. स्वीडनने १९६० च्या दशकात स्ट्रिड्सव्हॅग्न १०३ आणला, त्याला तोफ वाहणारा फिरता बुरूजच नव्हता. तोफ सांगाड्यात पक्की बसवलेली. नेम धरायचा तर अख्खी गाडी वळवायची आणि सस्पेन्शनने पुढे-मागे झुकवायची. मुसंडी मारत जाणाऱ्या सैन्याला हे परवडलं नसतं, पण आपल्याच मुलखात दबा धरून बसणाऱ्याला ठेंगणी गाडी सोयीची. इस्रायलला १९६९ मध्ये ब्रिटनने आपला चीफटन रणगाडा द्यायला नकार दिला, त्यातून इस्रायलच्या स्वतःच्या मर्काव्हा रणगाड्याचा प्रकल्प उभा राहिला. माणसं मोजकी, म्हणून इंजिन पुढे घेऊन तेही चालक दलापुढे ढालीसारखं उभं केलं. पश्चिम जर्मनीने लेपर्ड १ मध्ये चिलखताला सरळ कात्री लावली आणि वेग निवडला, कारण त्या काळच्या, स्फोटातून धातूची धार सोडून चिलखत भेदणाऱ्या शेप्ड चार्ज गोळ्यांपुढे जाड पोलादही तग धरत नव्हतं.

म्हणून तक्ता भरण्याआधी लढाई कुणाशी, कुठल्या जमिनीवर, आणि गाडी चालवणारी पोरं सैन्यात किती वर्षं राहणार, एवढं ठरवा. सक्तीच्या सेवेतल्या, वर्ष-दीड वर्षात घरी जाणाऱ्या शिपायाच्या हाती किचकट यंत्र देणारा देश रंगवायचा असेल तर खुशाल रंगवा, पण मग ती यंत्रं बिघडतानाही दाखवा.

वजन वाढतं, पूल तेच राहतात

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. लेपर्ड २ सेवेत आला १९७९ मध्ये, वजन सुमारे ५५ टन. त्याच्या अलीकडच्या आवृत्त्या ६० टनांच्या बऱ्याच पुढे गेल्या आहेत. अमेरिकेचा एम१ ५४ टनांच्या आसपास सुरू झाला आणि एम१ए२च्या ताज्या आवृत्त्या ६६ टनांवर पोचल्या. वजन उतरवणारी सुधारणा विरळाच. तुमचा रणगाडा चाळीस वर्षं सेवेत राहिला आणि वजन तेवढंच राहिलं, तर काय काय काढून टाकलं हे सांगावं लागेल.

वजनाबरोबर रुंदीचाही प्रश्न येतो. दुसऱ्या महायुद्धातला जर्मन टायगर रेल्वेच्या मापात बसेना, म्हणून वॅगनवर चढवण्यापूर्वी त्याचे ७२५ मिमी रुंदीचे पट्टे काढून ५२० मिमीचे अरुंद पट्टे चढवत, बाहेरच्या ओळीतली चाकंही उतरवत. उतरल्यावर हेच सगळं उलट. किती टनांचं लोखंड, किती माणसं, किती चिखल, याची कल्पना करा. कथेत असा एक प्रसंग वीस आकड्यांपेक्षा जास्त सांगून जातो. त्याच जर्मनीचा १८८ टनांचा माउस पुलावरून जाणं शक्यच नव्हतं, म्हणून तो नदीच्या तळातून चालवायचा बेत होता. जपानमध्ये ५० टनांचा टाइप ९० प्रामुख्याने उत्तरेच्या होक्काइडो बेटावरच राहिला. पुढचा टाइप १० मुद्दाम ४४ टनांवर ठेवला, म्हणजे देशातल्या इतर रस्त्या-पुलांवरूनही नेता यावा.

गणित अगदी सोपं आहे. समजा तुमचा मूळ रणगाडा ४२ टनांचा आणि इंजिन ७८० अश्वशक्तीचं. टनामागे साधारण साडेअठरा अश्वशक्ती पडली. आता त्यावर रिॲक्टिव्ह आर्मरच्या विटा (मारा आदळताच स्वतः फुटून त्याला थोपवणाऱ्या), बुरुजाला जाड गाल (पुढच्या बाजूचं चिलखत), उष्णतेवरून लक्ष्य दाखवणारी थर्मल साइट आणि तिला वीज पुरवणारं जास्तीचं जनरेटर चढवा. झाले ४७ टन, टनामागे साडेसोळा. चढावर गाडी धापा टाकणार. इंजिन १००० अश्वशक्तीचं केलं की आकडा २१ च्या वर जातो, पण मग जुना गिअरबॉक्स तेवढा जोर पेलेल का? टॉर्शन बार, म्हणजे सस्पेन्शनमधले पीळ खाणारे दांडे, बदललेत का? ब्रेक? बिघडलेला रणगाडा ओढून आणणारी रिकव्हरी गाडी अजून जुन्याच वजनासाठी बांधलेली आहे का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक काल्पनिक सैन्यांकडे नसतं.

दुरुस्ती दोन प्रकारे होते. एक, वजन वाढू द्या आणि सीमेवरचे पूल, रेल्वेच्या वॅगन, ओढणाऱ्या गाड्या यांच्यावरचा खर्चही इतिहासात घाला. दोन, वजनाची कमाल मर्यादा कायद्यासारखी पाळा आणि चिलखत कुठेतरी पातळ ठेवा. दोन्ही विश्वसनीय आहेत, आणि दुसऱ्यात नाट्य जास्त आहे असं माझं मत.

इंजिन आभाळातून पडत नाही

छोट्या देशाने पहिल्याच झटक्यात स्वतःचं १५०० अश्वशक्तीचं इंजिन बनवलं, हे वाचलं की मला हसू येतं. तोफ बनवणारे देश बरेच, रणगाड्याचं इंजिन आणि विशेषतः गिअरबॉक्स बनवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. दक्षिण कोरियाच्या के२ च्या पहिल्या खेपेत जर्मन इंजिन आणि जर्मन गिअरबॉक्स होता. दुसऱ्या खेपेत इंजिन कोरियन झालं, पण स्थानिक गिअरबॉक्स टिकाऊपणाच्या चाचणीत अडकला आणि तो जर्मनच ठेवावा लागला. मोटारी, जहाजं, पोलाद सगळं बनवणाऱ्या देशाची ही गत. तुर्कस्तानचा अल्ताय जर्मन इंजिन मिळेनासं झाल्यामुळे वर्षानुवर्षं रखडला. भारताच्या अर्जुनलाही १४०० अश्वशक्तीचं जर्मन इंजिन घ्यावं लागलं.

उलट बाजूचं उदाहरण सोव्हिएत व्ही-२ डिझेलचं. टी-३४ मध्ये ते ५०० अश्वशक्तीचं होतं. त्याच घराण्यातलं इंजिन टी-७२ मध्ये ७८० वर गेलं आणि टी-९० मध्ये १००० वर. दरम्यान टी-६४ साठी त्यांनी अगदी वेगळ्या रचनेचं इंजिन आणलं, ते सुरुवातीला बराच त्रास देत राहिलं, आणि जुन्या घराण्याचं भरवशाचं इंजिन घेऊन टी-७२ पुढे आला. ब्रिटिश चीफटनचं एल६० इंजिनही असंच बदनाम. कुठलंही इंधन चाललं पाहिजे या अटीपायी ते नको तितकं गुंतागुंतीचं झालं. तेव्हा तुमच्या सैन्याला एखादं फसलेलं इंजिन जरूर द्या. ते फसलं म्हणून मधली दहा वर्षं जुनाच रणगाडा डागडुजी करत चालवावा लागला, असा टप्पा घातला की सगळी वंशावळ खरी वाटू लागते.

आतली जागा कुणी मोजतच नाही

एम१ ला सुरुवातीला १०५ मिमीची तोफ होती आणि आत ५५ गोळे मावत. १९८५ मध्ये एम१ए१ ला १२० मिमीची तोफ मिळाली आणि गोळे उरले ४०. गाडी तीच, गोळा जाड झाला, तेव्हा संख्या घटणारच. काल्पनिक तक्त्यांत मात्र तोफ १०५ वरून १२५ वर जाते आणि गोळे वाढतात! हा आकडा आधी तपासा. अर्ध्या तक्त्यांची लबाडी इथेच पकडली जाते.

तोफेत गोळे आपोआप भरणाऱ्या ऑटोलोडरचंही तसंच. टी-७२ मध्ये बुरुजाखाली फिरणाऱ्या चकतीत २२ गोळे असतात, बाकीचे आत जिथे जागा मिळेल तिथे खोचलेले. गोळे भरणारा माणूस वाचला, गाडी ठेंगणी झाली. पण चिलखत भेदून आलेला मारा दारूगोळ्यापर्यंत पोचला तर बुरूज उडून बाजूला पडतो. एम१ मध्ये बहुतेक गोळे बुरुजाच्या मागच्या कप्प्यात, पोलादी दाराआड असतात. कप्प्याच्या छपराच्या पट्ट्या स्फोटाचा जोर वर सोडून देतात. त्यासाठी बुरूज लांब आणि जड लागतो. शिवाय ऑटोलोडरमुळे तिघांच्या झालेल्या दलात पट्टा तुटला की ओढाताण करायला आणि रात्री पहाऱ्याला एक माणूस कमी, हे कादंबरीकाराने तरी विसरू नये.

डोंगराळ देशाला ठेंगणा रणगाडा देणं ही यातलीच पोटचूक. तोफेचं तोंड खाली करायचं तर आत तिची मागची बाजू वर उचलली जाते आणि छताला भिडते. छत जेवढं खाली, तेवढा तोफेचा उतार कमी. सोव्हिएत घराण्यातल्या गाड्यांना तो साधारण ५-६ अंश मिळतो, पाश्चात्त्य गाड्यांना ९-१०. टेकडीच्या माथ्याआड सांगाडा लपवून खाली मारा करायचा असेल तर हा फरक जीवनमरणाचा. त्यात टी-७२ चा मागे जाण्याचा वेग ताशी ४ किमीच्या आसपास. मारा करून झटकन माघार घेण्याचा प्रसंग लिहिला असेल तर गाडी बदला, नाहीतर प्रसंग.

काळाची सरमिसळ

हे थोडक्यात. गुळगुळीत नळीची मोठी तोफ मालिका उत्पादनात आणणारा पहिला रणगाडा सोव्हिएत टी-६२, १९६१ चा. रिॲक्टिव्ह आर्मर लढाईत ठळकपणे दिसलं ते १९८२ मध्ये लेबनॉनमध्ये, इस्रायली रणगाड्यांवर. येणारं क्षेपणास्त्र हवेतच टिपणारी सोव्हिएत द्रोज्द प्रणाली १९८० च्या दशकातली. तुमचा देश यांपैकी काही पाच वर्षं आधी आणत असेल तर चालेल, पण कुठल्या अडचणीपोटी आणलं ते हवं. पंचवीस वर्षं आधी आणत असेल तर काय म्हणणार!

एका तारखेला सगळा ताफा नवा

‘२००४ मध्ये सर्व १२०० रणगाडे मार्क ३ दर्जाचे झाले.’ असं कुठल्याच सैन्यात होत नाही. एका कारखान्यातून महिन्याला मोजक्या गाड्या निघतात, मधेच पैसे संपतात, सरकार बदलतं, पहिली पलटण नवी होईस्तोवर शेवटची जुनीच असते. ब्रिटन चॅलेंजर ३ फक्त १४८ करतोय, तेही आधीचे चॅलेंजर २ सोलून. अर्जुन मार्क १ए ची मागणी ११८ ची. म्हणून दर आवृत्तीपुढे संख्या लिहा आणि बेरीज जुळते का पाहा. सीमेवरच्या पलटणीकडे कोणती, राखीव दलाकडे कोणती, शिकाऊ पोरांकडे कोणती, हे ठरलं की सुट्या भागांची बोंब, दोन प्रकारचा दारूगोळा, एकमेकांशी न बोलणारे रेडिओ, असलं कथेला लागणारं सगळं आपोआप हाती येतं.

जुन्या गाड्यांनाही तक्त्यात ओळ ठेवा. बुरूज काढलेल्या सांगाड्यावर पूल टाकणारी गाडी होते, क्रेन बसवली की रिकव्हरीची. इस्रायलने हाती लागलेल्या टी-५४ आणि टी-५५ चे बुरूज उतरवून पायदळ नेणारी जड चिलखती गाडी केली, तिचं नाव ‘आख्झारीत’. अगदीच निकामी सांगाडे गोळीबाराच्या मैदानात लक्ष्य म्हणून उभे राहतात, आणि काही शेजारच्या गरीब देशाला विकले जातात. त्या शेजाऱ्याशी पुढच्या भागात युद्ध होणार असेल तर विक्रीचं वर्ष आत्ताच लिहून ठेवा.