पहिली स्कायडाइव्ह आणि पुढचं प्रशिक्षण : या चुका टाळा

पहिल्या उडीची धास्ती सगळ्यांनाच असते. पण ती आवडली आणि लायसन्स घ्यायचं ठरलं, तर पुढच्या 25 उड्यांचा खर्च फार थोडे जण आधी मांडतात. पैसे बुडतात ते तिथे. आधी पहिल्या दिवसाचं बघू, मग खिशाचं.

टँडेमच्या दिवशी काय बिघडतं

टँडेममध्ये तुम्ही प्रशिक्षकाच्या पुढ्यात हार्नेसने बांधलेले असता आणि पॅराशूट त्याच्या पाठीवर असतं. तरीही तुमचं काम शून्य नाही. पहिली अडचण वजनाची. बहुतेक ठिकाणी 90 ते 100 किलोंच्या पुढे जादा पैसे लावतात किंवा नाही म्हणतात, आणि वजन तिथल्या काट्यावर, कपडे-बुटांसकट होतं. काठावर असाल तर बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या.

उपाशीपोटी जाणं ही दुसरी चूक. मळमळ सहसा फ्रीफॉलमध्ये, म्हणजे पॅराशूट उघडण्याआधी मोकळं पडताना, होतच नाही. पॅराशूट उघडल्यावर, गोल वळणं घेताना होते, आणि रिकामं पोट असेल तर सोबत घेरीही येते. उडीच्या दोनेक तास आधी पोहे किंवा इडली खा. तर्रीची मिसळ परतल्यावर.

सर्दी असेल तर उडी पुढे ढकला, यात धाडसाचा प्रश्नच नाही. 13,000 फुटांवरून साधारण 5,500 फुटांपर्यंत तुम्ही पाऊण मिनिटात येता. कानाची नळी बंद असेल तर तेवढ्या वेळात बदललेला दाब पडद्यावर येतो. जमिनीवरच नाक दाबून हलकेच फुंकून बघा. कान मोकळे होत नसतील तर वरही होणार नाहीत. एरवी पॅराशूटखाली आल्यावर हीच युक्ती दोन-तीनदा करावी.

पट्टायाच्या सहलीत स्कूबा आणि स्कायडाइव्ह दोन्ही बसवणारे बरेच आहेत. पाण्यात शरीरात विरघळलेला नायट्रोजन उंचीवर बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येऊ शकतो, म्हणून स्कूबानंतर 24 तास उडी नको. क्रम सोपा ठेवा: आधी उडी, मग बुडी.

कपड्यांचं थोडक्यात: दर हजार फुटांना तापमान साधारण 2 अंशांनी उतरतं, म्हणजे 13,000 फुटांवर जमिनीपेक्षा 25-26 अंश कमी. पूर्ण बाह्या, लेसचे बूट; हुक असलेले ट्रेकिंगचे बूट नकोत, दोऱ्या अडकतात. मंगळसूत्र, कानातली, अंगठ्या खालीच ठेवा. लांब केसांची घट्ट वेणी घालून टोक आत खोचा. पुण्याच्या शीतल महाजन यांनी 2018 मध्ये पट्टायाला नऊवारीत उडी घेतली हे खरं, पण त्यांच्यामागे शेकडो उड्यांचा अनुभव होता. पहिल्या वेळी तो हट्ट धरू नका.

दारातून निघताना हात विमानाच्या चौकटीला जातात. ते हार्नेसच्या पट्ट्यांवरच हवेत. कंबर पुढे ढकलून बाक द्या, पाय मागे दुमडून प्रशिक्षकाच्या पायांमध्ये ठेवा. पोटाकडे आक्रसलात तर दोघांचाही तोल ढळतो. श्वास कोंडला तर ओरडा, ओरडताना तो आपोआप बाहेर पडतो. उतरताना बहुतेक इजा होतात त्या पाय वेळेवर न उचलल्याने: घोटा आधी टेकतो आणि दोघांचं वजन त्याच्यावर येतं. गुडघे छातीकडे ओढून पाय पुढे ताणण्याचा सराव खुर्चीत बसूनही होतो.

पुढे शिकायचा विचार असेल तर मनगटावर ऑल्टिमीटर (उंची दाखवणारं यंत्र) मागा आणि पॅराशूट उघडायचं हँडल स्वतः ओढू द्याल का, हे विचारा. काही शाळा अशी टँडेम प्रशिक्षणाचा पहिला टप्पा म्हणून धरतात. व्हिडिओच्या पॅकेजपेक्षा ही विचारणा जास्त कामाची. आणि हवामानासाठी एक दिवस राखून ठेवा. परतीचं विमान त्याच संध्याकाळचं असेल तर घाई तुमचीच होते.

एएफएफमध्ये पातळी का अडते

एएफएफ म्हणजे अ‍ॅक्सिलरेटेड फ्रीफॉल: पॅराशूट तुमच्याच पाठीवर असतं आणि प्रशिक्षक शेजारून उडी घेतात. बहुतेक ठिकाणी त्याच्या सात पातळ्या असतात. पहिल्या तीनमध्ये दोन प्रशिक्षक तुम्हाला धरून असतात, चौथीपासून एक. आदल्या जमिनीवरच्या वर्गाला सहा ते आठ तास लागतात. पातळी जमली नाही की ती पुन्हा करायची आणि पैसे पुन्हा भरायचे.

अडण्याची कारणं ठरावीक आहेत. गुडघे पोटाशी येतात, त्यामुळे शरीर मागे सरकतं किंवा आपसूक वळायला लागतं. पाय थोडे ताणा, नडग्यांवर हवेचा दाब जाणवला पाहिजे. दुसरं, हँडलकडे उजवा हात जातो तेव्हा डावा तसाच राहतो. एका बाजूची हवा कमी झाली की शरीर कलतं, म्हणून त्याच वेळी डावा हात डोक्यावर आणायचा. तिसरं आणि सगळ्यात महागडं म्हणजे उंचीचं भान सुटणं. प्रत्येक कृतीनंतर ऑल्टिमीटर बघायची सवय घरी, पोटावर पडून, तीस-तीस सेकंद बाक धरून लावता येते. विद्यार्थ्याने साधारण 5,500 फुटांवर हँडल ओढायचं असतं.

पॅराशूट उघडलं की बघायचं: चौकोनी आहे का, स्थिर आहे का, वळतं आणि फ्लेअर होतं का (दोन्ही हात खाली ओढल्यावर वेग मंदावतो का). नसेल तर 2,500 फुटांच्या खाली येण्याआधी निर्णय हवा. बिघडलेलं पॅराशूट सोडवणाऱ्या लाल हँडलकडे बघा, पकडा. रिझर्व्हच्या, म्हणजे राखीव पॅराशूटच्या, हँडलकडे बघा. लाल ओढा, मग रिझर्व्ह. ही साखळी पाठ नसेल तर विमानात चढूच नका.

उतरताना नवखे पायांखालची जमीन बघतात, म्हणून फ्लेअर फार वर होते. नजर समोर, क्षितिजाकडे. साधारण 10-12 फुटांवर दोन्ही हात खाली. चुकून वर झालीच तर हात आहेत तिथेच धरा. सोडलेत तर पॅराशूट पुढे झेप घेतं आणि आपटतं. पाय-गुडघे जोडून लोळा, हात पुढे टेकवलात तर मनगट मोडतं.

पैशाची गळती

पहिली गळती खंड पडण्यातली. अमेरिकेच्या स्कायडायव्हिंग संघटनेच्या नियमानुसार विद्यार्थ्याला 30 दिवसांचा खंड पडला की प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली पुन्हा उडी घ्यावी लागते. ए लायसन्स (पहिलं लायसन्स, त्याला 25 उड्या लागतात) मिळाल्यावर ही मुदत 60 दिवसांची होते. दोन पातळ्या करून भारतात परतायचं आणि सहा महिन्यांनी तिसरीला जायचं, हा सगळ्यात महाग मार्ग. सातही पातळ्या आणि शक्य झाल्यास 25 उड्या एकाच मुक्कामात करा. हवामान धरून त्याला दोन ते तीन आठवडे लागतात.

अमेरिकेतला अंदाज असा: वर्ग आणि सात पातळ्या मिळून 1,500 ते 2,000 डॉलर. उरलेल्या 18 उड्यांना विमानाचं तिकीट 25 ते 35, भाड्याची रिग (हार्नेस आणि पॅराशूटचा संच) तेवढीच, पॅराशूट बांधून घेतलं तर आणखी दहाच्या आसपास. त्यातल्या काही कोचबरोबरच्या, त्या महाग. एकूण तीन ते साडेतीन हजार डॉलर धरा, आणि पुन्हा कराव्या लागणाऱ्या दोन पातळ्यांसाठी चारशे वेगळे. प्रवास, व्हिसा आणि कार्डावरचा परकीय चलनाचा अधिभार याच्याबाहेर.

वाचवायचं कुठे? पॅराशूट बांधायला पहिल्याच आठवड्यात शिका. लायसन्ससाठी ते यावंच लागतं, आणि प्रत्येक उडीमागे पैसे वाचतात. अ‍ॅरिझोनातलं एलॉय, कॅलिफोर्नियातलं पेरिस अशा मोठ्या ड्रॉपझोनवर (उड्यांच्या तळांवर) स्वस्त बंकहाउस असतात. बे एरियातल्या मराठी मंडळींना तर शनिवार-रविवारीही जमेल, फक्त खंड पडू द्यायचा नाही. एएफएफआधी विंड टनेलमध्ये (खालून येणाऱ्या जोराच्या वाऱ्यावर तरंगायच्या बोगद्यात) 10-15 मिनिटं घालवलीत तर स्थिरतेमुळे अडणाऱ्या पातळ्या टळतात, पण उंचीचं भान आणि पॅराशूट चालवणं टनेल शिकवत नाही.

विमा काढताना नेमकं वाचा. भारतातल्या आरोग्य विम्याच्या प्रमाणित कलमात साहसी खेळ वगळले आहेत ते व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांसाठी. प्रवास विमा आणि वैयक्तिक अपघात विमा मात्र बऱ्याचदा हौशी उडीलाही वगळतात, तेव्हा लेखी उत्तर घ्या.

रिगची घाई

ए लायसन्सआधी फक्त ऑल्टिमीटर, हेल्मेट आणि गॉगल घ्या. रिग भाड्याचीच बरी, कारण विद्यार्थ्याचं मोठं पॅराशूट पुढे लहान होत जातं. वजनाचा हिशोब असा: 75 किलोंची व्यक्ती आणि 12 किलोंची रिग म्हणजे जवळपास 192 पाउंड; हा आकडा पॅराशूटच्या चौरस फुटांपेक्षा कमी हवा, तेव्हा सुरुवातीला 210 चौरस फुटांपेक्षा लहान पॅराशूट नको. स्वस्तात मिळणारी 150 ची जुनी रिग मोह घालते, आणि वेगाने उतरून पाय मोडतात ते असेच. सेकंडहँड घेताना हार्नेस अंगाला बसतो का बघा, आपोआप रिझर्व्ह उघडणाऱ्या यंत्राची तारीख तपासा (सायप्रेस या यंत्राच्या नव्या नगांचं आयुष्य 15.5 वर्षं असतं, जुन्यांचं कमी), आणि पैसे देण्याआधी रिगरला (पॅराशूट तपासणाऱ्या तंत्रज्ञाला) दाखवा. अमेरिकेत रिझर्व्ह दर 180 दिवसांनी पुन्हा बांधावं लागतं. विक्रेत्याकडे त्याचं नोंदकार्ड नसेल तर सौदा तिथेच थांबवा.