खुळखुळणारी कुऱ्हाड

आमच्या खानापूर भागात पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि शिमग्यानंतर आक्रसतं. जळणासाठीच्या हातकुऱ्हाडीचं पातं तसंच दांड्यावर खुळखुळायला लागलं. शेजारचे काका म्हणाले, "रातभर पाण्यात घाल की, बसतंय बघ." बसतं खरं. पण फुगताना लोखंडात चेपलेले लाकडाचे तंतू वाळल्यावर आणखी आक्रसतात आणि पातं पहिल्यापेक्षा सैल होतं.

मी जुनी पाचर उपटली. कुऱ्हाड पातं खाली करून हवेतच धरली आणि दांड्याच्या बुडावर लाकडी मोगरीने ठोकत गेलो. पातं आपल्या जडपणाने जागेवरच राहतं, दांडा आत सरकतो. मग वाळलेल्या बाभळीची नवी पाचर ठोकली, वर आलेला तुकडा करवतीने कापला, कापलेल्या टोकाला जवसाचं तेल पाजलं.

धार कानशीनेच काढली. ग्राइंडरवर काम झटपट होतं, पण कड तापून निळी पडली की पोलादाचं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, गेलंच म्हणायचं, मग लोहाराशिवाय गत्यंतर नाही. फाटे तोडायला धार बारीक चालते, ओंडके फोडायला थोडी जाड ठेवावी.

आता पात्याला तेलाचा हात फिरवून कुऱ्हाड माळ्यावर ठेवतो. चुलीजवळ नको, दांडा तडकतो.