एटीव्हीवर विंच बसवताय? आधी अँपिअरचा हिशेब मांडा

एटीव्हीवर (खडबडीत रानवाटांवर चालणारी, मोटरसायकलसारखी चारचाकी गाडी) बहुधा अडीच हजार पौंडांची, म्हणजे साधारण ११३० किलो ओढीची विंच, म्हणजे दोर गुंडाळत ओढणारे विजेवरचे यंत्र, असते. दोर नुसता गुंडाळताना ती १०-१५ अँपिअर घेते, पण गाडी चिखलात रुतली असताना पूर्ण ओढीला १०० च्या वर जाते. याउलट ४०० वॅटचा स्टेटर (इंजिनमधला वीज तयार करणारा भाग) चढ्या आरपीएमवर जेमतेम २८ अँपिअर देतो. त्यातूनच दिवे, इग्निशन, फ्युएल पंप चालतात. आयडलवर तर अजून कमी. म्हणजे विंच ओढते ती बॅटरीच्याच जिवावर.

समजा, बॅटरी १४ अँपिअर-तासांची आहे आणि तिच्यातून ९५ अँपिअर जाताहेत. एका मिनिटात सुमारे १.६ अँपिअर-तास संपले. स्टेटरकडे १० अँपिअर शिल्लक राहत असतील, तर एवढे भरून यायला किमान दहा मिनिटे हवीत. म्हणून एका दमात मिनिटभरच ओढा. मग थांबून बॅटरी भरू द्या; तोवर गाडी न्यूट्रलला, पार्किंग ब्रेक लावलेला आणि आरपीएम थोडा चढवलेला ठेवा. मोटरलाही त्या वेळात गार होता येते. पुली लावून दोर दुहेरी केला की विंचवरचा भार जवळपास निम्मा होतो, अँपिअरही उतरतात. बॅटरी वाचवायचा याहून स्वस्त उपाय नाही.

केबलमध्ये काटकसर नको. किटमधली ६ गेजची केबल म्हणजे सुमारे १३ चौरस मिमी. आपल्या बाजारातून घ्यायची तर १६ चौरस मिमीची तांब्याची लवचीक केबल घ्या. जाऊन-येऊन चार मीटर लांबीत १२० अँपिअरला तिच्यात अर्धा व्होल्ट पडतो. ६ चौरस मिमीच्या केबलमध्ये दीड व्होल्ट पडेल, वर केबल तापेल ती वेगळीच.

कॉन्टॅक्टर (बटण दाबल्यावर विंचचा मोठा करंट जोडणारा-तोडणारा रिले) बॅटरीजवळ, पाणी न साचणाऱ्या जागी बसवा. त्याच्या दोन जाड केबल थेट बॅटरीच्या प्लस-मायनसला आणि दोन मोटरला जातात. मायनससाठी चासीवर विसंबू नका. रंग आणि गंज आडवे येतात. स्विचची बारीक वायर मात्र किल्ली फिरवल्यावरच सप्लाय मिळणाऱ्या लाइनवर, ५ अँपिअरच्या फ्यूजमधून जोडा. केबलच्या टोकाचे लग हातोडीने ठोकू नका, हायड्रॉलिक क्रिम्परने दाबा आणि वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा. केबल सायलेन्सरपासून लांब न्या. जोडणी चालू असताना बॅटरीचा मायनस काढलेला असावा आणि तो सगळ्यात शेवटी लावावा.

बॅटरीच्या प्लसजवळ सर्किट ब्रेकर आणि हाताने तोडायचा मोठा कटऑफ स्विच हवाच. ब्रेकरचे रेटिंग विंचच्या मॅन्युअलप्रमाणे ठेवा. कटऑफचे कारण असे, की व्होल्टेज फार उतरले की कॉन्टॅक्टरची कॉइल पकड सोडते, पुन्हा धरते, कटकट आवाज येतो. त्या ठिणग्यांनी आतले पॉइंट चिकटले, तर बटण सोडले तरी विंच ओढतच राहते.

शेवटी भार देऊन मल्टिमीटर लावा. इंजिन बंद असताना, भाराशिवाय, पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दिसते. ओढताना १०.५ च्या खाली गेली तर थांबा. बॅटरी टर्मिनलवर ११.५ आणि मोटरवर १० दिसत असेल तर दोष बॅटरीचा नाही. केबल, लग किंवा कॉन्टॅक्टर तपासा. हात लावून जो जोड गरम लागतो, तिथूनच सुरुवात करा.