ड्युनेडिनचा शनिवार : आधी बाजार, मग सील

विदर्भातल्या खेड्यातून न्यूझीलंडच्या ड्युनेडिनला शिकायला गेलेल्या पोरापोरींसाठी. तिथं शनिवारी सकाळी रेल्वे स्टेशनच्या आवारात शेतकरी बाजार भरतो आणि दुपारी साडेबाराला उठतो. आपल्या आठवडी बाजारासारखं ‘सांजच्याला भाव पडतील’ म्हणून थांबू नका. घासाघीस तर नाहीच.

दुपारी ओटागो द्वीपकल्प. टोकाला ताइआरोआ हेडवर रॉयल अल्बाट्रॉस हे मोठे समुद्री पक्षी घरटी करतात. पसरलेले पंख 3 मीटरच्या आसपास. वारं असलं की ते जास्त उडतात, तेव्हा वारं सुटलं म्हणून बेत मोडू नका, जाड जॅकेट घाला. शहर बस अगदी टोकापर्यंत जात नाही. चौघांनी मिळून गाडी केलेली बरी.

किनाऱ्यावर सील किंवा सी लायन हा समुद्रातला मोठा प्राणी पडलेला दिसेल. आपल्याला गुराढोरांच्या अंगाला हात लावायची सवय, ती इथं नको. किमान 20 मीटर लांब राहा, म्हणजे एकामागे एक दोन एसट्या उभ्या राहतील एवढं. त्याच्या आणि पाण्याच्या मधे तर उभं राहूच नका. बिचकला की तो समुद्राकडेच सुटतो, आणि दिसतो आळशी पण पळतो जोरात. सेल्फीसाठी झूम वापरा.