पंचगंगेची पातळी आणि २४५० बीपी

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी कार्बन डेटिंगचा रिपोर्ट पहिल्यांदा हातात आला. नमुना कोळशाचा, वय २४५० ± ३० बीपी. बीपी म्हणजे १९५० सालापासून मागे, एवढं पाठ होतं. मोबाइलवर वजाबाकी केली, इसवी सनात शून्य साल नसतं हेही आठवून एक वर्ष वाढवलं, आणि सेमिनारच्या पोस्टरवर 'इ.स.पू. ५०१' असं ठळक छापून मोकळा झालो. शून्य साल आठवल्याचा अभिमान वेगळाच. पाहुणे आलेले एक प्राध्यापक पोस्टरसमोर थांबले आणि म्हणाले, "कर्व्ह कुठला वापरलास?" मला प्रश्नच कळला नाही.

या विषयात नव्याने येणाऱ्यांपैकी बरेच जण इथेच अडकतात, म्हणून सविस्तर सांगतो. लॅब मोजते ते नमुन्यात उरलेलं कार्बन-१४, म्हणजे जिवंत असताना हवेतून आलेला आणि मेल्यावर हळूहळू घटत जाणारा कार्बनचा प्रकार. त्यावरून काढलेलं वय एका गृहीतावर उभं असतं, की हवेतलं कार्बन-१४चं प्रमाण कायम तेवढंच होतं. तसं ते नव्हतं. सूर्याची सक्रियता आणि पृथ्वीचं चुंबकक्षेत्र बदलतं तसं तेही वरखाली होतं. शिवाय रिपोर्टमधलं वय ही पद्धत शोधणाऱ्या विलर्ड लिबी यांच्या काळातलं ५५६८ वर्षांचं अर्धायुष्य (कार्बन-१४ निम्मं व्हायला लागणारा काळ) धरून काढतात. पुढे ते ५७३०च्या आसपास असल्याचं कळलं, तरी जुने-नवे रिपोर्ट एकमेकांशी ताडता यावेत म्हणून लॅब मुद्दाम जुनाच आकडा चालवतात. 'मग आपणच दुरुस्त करू' म्हणून गुणाकार करत बसू नका. ती दुरुस्ती कर्व्हमध्ये, म्हणजे रिपोर्टमधल्या कच्च्या वयावरून खरं साल शोधायच्या आलेखात, आपोआप होते.

कर्व्ह म्हणजे काय, हे मला पंचगंगेने समजावलं. कोल्हापूरकराला पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी तोंडपाठ असते: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. आता कोणी विचारलं, "पाणी ३९ फुटांवर होतं तो दिवस कोणता?" तर रोजची नोंदवही उघडावी लागेल. पाणी चढताना एकदा ३९ झालेलं असेल, उतरताना पुन्हा एकदा. मध्येच आठवडाभर ते तिथेच रेंगाळलं असेल, तर तो अख्खा आठवडाच उत्तर. कर्व्ह ही तशीच नोंदवही आहे. झाडाच्या खोडातलं प्रत्येक वलय कोणत्या वर्षीचं हे मोजून ठरवायचं आणि त्यातलं कार्बन-१४ तपासायचं. वलयं संपतात तिथून मागे गुहांमधले चुनखडीचे थर, तळ्यांतला गाळ, समुद्रातली प्रवाळं. उत्तर गोलार्धासाठी सध्या इंटकॅल२० वापरतात. तो ५५ हजार वर्षांपर्यंत मागे जातो.

माझा २४५० नेमका पाणी रेंगाळलेल्या जागी पडला होता. इ.स.पू. ८०० ते ४०० या काळात कर्व्ह जवळजवळ सपाट आहे, त्याला हालस्टाट पठार म्हणतात. ऑक्सकॅल या सॉफ्टवेअरमध्ये आकडा टाकला तर उत्तर आलं साधारण इ.स.पू. ७५० ते ४१०. म्हणजे माझं ठळक ५०१ हे साडेतीनशे वर्षांतलं एक मनाला येईल ते साल होतं. लोहयुगावर काम करणार असाल तर या पठाराशी गाठ पडणारच. तिथे ± ३० चं ± २० करून आणायला पैसे खर्चू नका, फार फरक पडत नाही. एकाच खड्ड्यातले वर-खालचे चार नमुने मात्र द्या. थरांचा क्रम सॉफ्टवेअरला सांगता येतो आणि त्याने पट्टा खरंच आवळला जातो.

याउलट २००० ± ३० आलं तर उत्तर सव्वाशे-दीडशे वर्षांत बसतं, इ.स.पू. पहिल्या शतकाच्या मध्यापासून पुढे. आपल्या कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या सातवाहन थरांच्या आसपासचा हा काळ. तिथलं उत्खनन १९४५-४६चं, तेव्हा ही पद्धत जन्मालाही आली नव्हती. काळ ठरला तो नाण्यांवरून आणि खापरांवरून.

ऑक्सकॅल आणि कॅलिब दोन्ही फुकट आहेत, अर्ध्या दिवसात हाताळता येतात. लिहिताना लॅबचा नमुना क्रमांक, कच्चं वय त्रुटीसकट, कर्व्हचं नाव आणि ९५.४ टक्क्यांचा पूर्ण पट्टा (खरं साल ज्यात असण्याची शक्यता तेवढी असते तो) द्या. पट्ट्याच्या मधलं साल उचलू नका, सगळ्यात शक्य साल बऱ्याचदा तिथे नसतंच. आणि कच्चं वय कधीही गाळू नका. उद्या नवा कर्व्ह आला की त्यावरूनच पुन्हा हिशोब करावा लागतो.

कोल्हापुरात हे काम करतो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "अंबाबाईच्या देवळाचं वय काढ की!" दगडाचं निघत नाही, कधीतरी जिवंत असलेल्या वस्तूचंच निघतं. मग काकांनी वाड्याची सागवानी तुळई दाखवली. तिथे दोन अडचणी. एक तर जे वलय तपासाल त्याचं वय मिळतं, वाड्याचं नाही. खोडाचा गाभा सालीजवळच्या लाकडापेक्षा शंभर वर्षांनीही जुना असू शकतो, आणि ही तुळई तर दुसऱ्या पडक्या वाड्यातून आणलेली. दुसरं, १६५० नंतर कर्व्ह इतका वेडावाकडा आहे की १८० ± ३० आलं तर उत्तर १६५०-६० पासून थेट विसाव्या शतकापर्यंत तुकड्यातुकड्यांत मिळतं.

काका म्हणाले, "मग ऱ्हाऊ दे. ट्रंकेत मोडी कागद हाय, त्यावर साल लिवलंय."

मोडी मला येत नव्हती. आता क्लास लावलाय.